जुना रेडिओ बोलता करताना

‘इतिहासाची साधने’ हा पाठ शिकवताना मला दरवर्षी एकच अनुभव येतो. ताम्रपट, शिलालेख, नाणी, फर्माने, बखरी ही यादी विद्यार्थी धडाधड म्हणून दाखवतात. परंतु “तुमच्या स्वतःच्या घरात इतिहासाचे एखादे साधन आहे काय?” असे विचारले की वर्गात शांतता पसरते. कोणी म्हणतो, “सर, आमच्या घरी तलवार नाही.” कोणी म्हणतो, “जुनी नाणी आत्याकडे गेली.” माळ्यावर, गोणपाटाखाली, एक लाकडी पेटी पडलेली असते. पुढे जाळीदार कापड, खाली तीन-चार गोल बटणे, मधे आकड्यांची काच. तिची आठवण कोणालाच होत नाही. तो आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ.

माझ्या मते ही पेटी म्हणजे विसाव्या शतकाचा एक अस्सल दस्तऐवजच आहे. मात्र तो वाचता आला पाहिजे. आणि वाचण्यापूर्वीच जाळून टाकता कामा नये. हे दुसरे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे.

माझ्या हातून झालेली चूक

आमच्या आजोबांचा रेडिओ कित्येक वर्षे बंद होता. काही वर्षांपूर्वी, नोकरीला नुकताच लागलो असताना, एका रविवारी मी तो माळ्यावरून खाली काढला, धूळ पुसली, नवी पिन लावली आणि सरळ २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसली. काचेमागचा दिवा लागला. घरातील सर्व मंडळी गोळा झाली. अर्ध्या मिनिटाने कर्ण्यातून मोठी घरघर सुरू झाली. “बोलतोय, बोलतोय!” म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाच-सहा मिनिटांत वितळत्या डांबरासारखा वास आला, मागच्या फळीतून धूर निघाला आणि सर्व शांत झाले. मुख्य ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

इतक्या वर्षांच्या दमट हवेने त्या ट्रान्सफॉर्मरचे जे वाकडे केले नव्हते, ते मी दहा मिनिटांच्या आत केले. गावातील एक वयोवृद्ध रेडिओ मिस्त्री आहेत; सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे तो रेडिओ नेला तेव्हा त्यांनी मागची फळी काढून आत पाहिले आणि एवढेच म्हणाले, “मास्तर, व्हॉल्व्ह सगळे चांगले आहेत. गेला तो कागद. आणि कागदाने बाकीचे नेले.” त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. पुढे मामूंच्या माळ्यावर दुसरा रेडिओ सापडला, तेव्हा मी आधी चाचांच्या दुकानात जाऊन बसलो आणि मग पाना-पक्कड हातात घेतली. त्या दुसऱ्या रेडिओने मला जे शिकवले ते आज येथे मांडत आहे.

काचेच्या नळीची कथा

प्रथम व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत थॉमस एडिसन विजेच्या दिव्यावर प्रयोग करीत असताना, १८८३ च्या सुमारास, त्याला एक विचित्र गोष्ट आढळली. दिव्याच्या काचेत, तापलेल्या तारेपासून अलग अशी एक धातूची पट्टी बसवली, तर मधल्या निर्वात पोकळीतूनही थोडी वीज वाहते. पण ती एकाच दिशेने वाहते. एडिसनला तिचा मोठा उपयोग करता आला नाही. १९०४ साली लंडनचे प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी हाच गुण बिनतारी संदेश ओळखण्यासाठी वापरला. पाण्याच्या नळातील झडप जशी पाणी एकाच बाजूने जाऊ देते तशी ही नळी विजेला एकाच बाजूने जाऊ देते, म्हणून तिला व्हॉल्व्ह म्हणजे झडप हे नाव मिळाले. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोन भागांच्या मधे तारेची एक जाळी घातली. जाळीवरचा लहानसा विद्युत्-दाब मोठ्या प्रवाहाला कमी-जास्त करू लागला. दुबळा संकेत सबळ करण्याची युक्ती माणसाच्या हाती आली ती अशी.

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये अदृश्य विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पोहोचवून दाखवल्या होत्या. लहरी ओळखणाऱ्या त्यांच्या स्फटिकाच्या साधनाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. म्हणजे ज्या वर्षी फ्लेमिंगचा व्हॉल्व्ह आला, त्याच वर्षी एका भारतीय प्राध्यापकाच्या स्फटिकाची नोंद झाली. पुढे चाळीस-पन्नास वर्षे व्हॉल्व्हने राज्य केले आणि डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यानंतर ते राज्य पुन्हा स्फटिकाकडे गेले.

आपल्या घरातील बहुतेक रेडिओ ज्या पद्धतीचे असतात ती ‘सुपरहेटरोडाइन’ पद्धती एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात शोधली. नाव अवघड, पण कल्पना सोपी आहे. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावायचे आहे असे समजा. रेडिओ स्वतःच्या पोटात १२४७ किलोहर्ट्झची एक लहर तयार करतो. दोहोंची वजाबाकी केली की ४५५ उरतात. दुसरे केंद्र लावले की रेडिओ आपली लहरही तितकीच सरकवतो. वजाबाकी पुन्हा ४५५ च येते. त्यामुळे आतील साऱ्या यंत्रणेला एकाच ठराविक आकड्यावर काम करावे लागते आणि ते काम ती चोख करते. बाहेरची केंद्रे कितीही असोत, आत सर्वांना एकच माप लावायचे, असा हा हिशेब आहे.

मुंबईत आवाज आला

आपल्याकडे मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्ता केंद्र सुरू झाले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा. रेडिओच्या परवान्याची वर्षाची फी १० रुपये. ऐकणारे थोडे आणि खर्च मोठा, त्यामुळे १९३० मध्ये कंपनी बुडाली व सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. ८ जून १९३६ पासून या व्यवस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. उर्दू विनोदी लेखक म्हणून ज्यांचे नाव आजही घेतले जाते ते पतरस बुखारी या संस्थेच्या प्रारंभीच्या कर्त्या माणसांपैकी एक होते आणि १९४० पासून तिचे प्रमुख होते.

शिक्षकांनी अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम एका प्राध्यापकाच्या घरातून उमटले. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरी प्रक्षेपक बसवून केंद्र चालवले आणि त्याला ते नाव दिले. सरकारने ते नंतर स्वीकारले. निजामाच्या राज्यात हैदराबाद आणि आपल्या औरंगाबाद येथेही स्वतंत्र केंद्रे होती. ती १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओत सामील झाली.

आणि व्हॉल्व्हच्या साधनांनीच स्वातंत्र्याच्या लढ्यातही काम केले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या तरुण साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. तो ४२.३४ मीटरवर ऐकू येई. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवला जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली आणि तो आवाज बंद झाला. उषाबेनना तुरुंगवास झाला. त्या काळी परवाना नसलेला प्रक्षेपक जोडता येणे हीसुद्धा एक शक्ती होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर रेडिओ हळूहळू मध्यमवर्गीय घरांत आला. ठाण्याला मर्फीचा आणि कलकत्त्याला फिलिप्सचा कारखाना चालू लागला. व्हॉल्व्ह मात्र बरीच वर्षे परदेशातून येत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवण्यास सुरुवात केली. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच सुमारास सरकारी केंद्रांवर चित्रपटसंगीताला जागा कमी झाली, तेव्हा लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’साठी बुधवारी रात्री रस्ते ओस पडत, असे आजही वडीलधारी माणसे सांगतात. तिचे निवेदक अमीन सयानी हे तर मुंबईचेच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली ती या स्पर्धेमुळेच.

मामूंच्या रेडिओची काच पाहिली तेव्हा हा सारा इतिहास मला तेथे छापलेला दिसला. मध्यम लहरींची एक पट्टी, आणि लघु लहरींच्या पट्टीवर २५ व ४१ मीटरच्या खुणा. सिलोन याच पट्ट्यांवर लागे. पट्टी बदलण्याचे बटण इतके झिजले होते की त्यावरील रेघा पुसल्या गेल्या होत्या. पाठीमागच्या फळीला, आतल्या बाजूने, पोस्टाच्या परवान्याचे जुने पुस्तक अडकवलेले होते. रेडिओ बाळगण्यासाठी पोस्टात वर्षाला पैसे भरावे लागत आणि हा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला, हे माझ्या विद्यार्थ्यांना खरेच वाटत नाही. त्या पुस्तकावर दरवर्षी मारलेले शिक्के त्यांनी पाहिले तेव्हा ते पटले.

पेटीच्या आतील लिपी

आता पेटीच्या आत डोकावू. (वीज अर्थातच तोडलेली आहे.) पत्र्याच्या एका सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, पाच काचेच्या नळ्या उभ्या आहेत. त्यांवर ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८० अशी अक्षरे आहेत. ही निरर्थक अक्षरे नाहीत. युरोपातील कारखान्यांनी १९३४ मध्ये ठरवलेली ती एक लिपी आहे. पहिले ‘ई’ म्हणजे आतील तार ६.३ व्होल्टवर तापते. ‘सी’ म्हणजे तीन भागांची नळी, ‘एच’ म्हणजे अनेक जाळ्यांची मिश्रण करणारी, ‘एफ’ म्हणजे संकेत वाढवणारी पाच भागांची, ‘बी’ म्हणजे दोन लहान झडपा, ‘एल’ म्हणजे कर्ण्याला ताकद देणारी, ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेला लावणारी. आकड्यातील ८ हा नऊ पायांच्या बैठकीची खूण आहे.

ही लिपी कळली की रेडिओ कोणत्या घरासाठी बनला होता तेही कळते. पहिले अक्षर ‘यू’ असेल तर तो ‘एसी-डीसी’ जातीचा रेडिओ समजावा. कलकत्त्यासारख्या शहरांच्या काही भागांत घरोघरी डीसी वीज होती. तेथे ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून अशा रेडिओत साऱ्या नळ्यांच्या तारा एकापुढे एक जोडून थेट मेनवर घालीत. त्यामुळे सबंध पत्रा विजेला जोडलेला असतो आणि त्याला स्पर्श करणे प्राणघातक ठरू शकते. आणि पहिले अक्षर ‘डी’ असेल तर तो बॅटरीचा रेडिओ. त्याच्या तारा दीड व्होल्टच्या आसपास तापतात. ज्या खेड्यात वीजच पोहोचली नव्हती तेथे असा रेडिओ ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चाले. बॅटरी महाग, म्हणून बातम्या संपल्या की लगेच बंद करीत. एका अक्षरावरून गावाच्या विजेचा इतिहास कळतो, तो असा.

दोष कोणाचा?

रेडिओ बंद पडला की लोक म्हणत, “व्हॉल्व्ह गेला.” आजही जुना रेडिओ हाती आला की लोक प्रथम व्हॉल्व्हच शोधत फिरतात. वस्तुतः व्हॉल्व्ह हा रेडिओतील बऱ्यापैकी चिवट भाग आहे. काचेच्या आत वरच्या बाजूला आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो बेरियम धातूचा थर. आत उरलेली हवा शोषून घेण्यासाठी तो ठेवलेला असतो. डाग चकचकीत असेल तर पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला. मामूंच्या रेडिओतील पाचही डाग लख्ख होते.

खरा दुबळा भाग म्हणजे कंडेन्सर. जुन्या काळी धातूच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये मेण लावलेला कागद घालून त्यांची गुंडाळी करीत आणि वरून मेणाने अगर डांबराने बंद करीत. कागद शेवटी कागदच. वर्षानुवर्षे तो हवेतील ओल पितो. आपल्याकडचा पावसाळा तर विचारूच नका. ओल शिरली की जो कंडेन्सर सरळ विजेला अडवण्यासाठी बसवलेला असतो तोच तिला झिरपू देतो. चाचांच्या “गेला तो कागद” या वाक्याचा अर्थ हा होता.

हे झिरपणे किती थोडे असले तरी केवढे नुकसान करते, याचे गणित मी नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. ईबीसी ८१ च्या नळीकडून ईएल ८४ कडे आवाज पोहोचवणारा एक लहान कंडेन्सर असतो, ०.०१ मायक्रोफॅरडचा. त्याच्या अलीकडे सुमारे १०० व्होल्ट असतात. पलीकडे ईएल ८४ ची जाळी असते आणि ती १० लाख ओहमच्या रेझिस्टन्सने चेसिसला जोडलेली असते. जाळीवर सरळ वीज शून्य असली पाहिजे. आता कंडेन्सर झिरपू लागला आणि त्याचा अडथळा ९० लाख ओहम उरला असे समजा. साध्या मीटरवर एवढा मोठा आकडा पाहून कोणीही “चांगला आहे” म्हणेल. परंतु ९० लाख आणि १० लाख मिळून एक कोटी झाले. १०० व्होल्टांचा दहावा हिस्सा, म्हणजे १० व्होल्ट, जाळीवर जाऊन बसले. ज्या नळीला सुमारे ७ व्होल्टांचा लगाम घातलेला आहे तिच्यावर १० व्होल्टांचा उलटा जोर आला म्हणजे लगामच सुटला. ईएल ८४ बेफाम वीज ओढू लागते, लाल होते. तिच्यापाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ईझेड ८० आणि शेवटी मुख्य ट्रान्सफॉर्मर तापतो. लोक म्हणतात व्हॉल्व्ह खराब. खरा दोष शेजारच्या, बोटाच्या पेराएवढ्या, कागदी गुंडाळीचा.

दुसरा दुबळा भाग म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यातील मोठा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. आमच्या रेडिओत तो ३२ आणि ३२ मायक्रोफॅरडचा जोड होता. त्यात विजेला अडवतो तो ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. रेडिओ वापरात असतो तोवर वीजच हा थर टिकवते. वर्षानुवर्षे बंद राहिला की थर झिजतो आणि आतील द्रवही सुकतो. अशा कंडेन्सरवर एकाएकी २५० व्होल्ट घातले तर तो जवळजवळ तारेसारखा वागतो. माझ्या आजोबांच्या रेडिओत त्या रविवारी हेच झाले. ती घरघर म्हणजे धोक्याची सूचना होती आणि आम्ही तिला टाळ्या वाजवल्या!

दुरुस्तीचा क्रम

मामूंच्या रेडिओवर आम्ही काम केले ते पुढील क्रमाने. हे वाचून कोणा विद्यार्थ्याने एकट्याने पेटी उघडू नये. आत २५० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. चाचा दर वेळी एका रेझिस्टन्समधून ती उतरवून, मीटरने खात्री करून, मगच हात घालीत. चालू रेडिओ तपासताना डावा हात खिशात ठेवण्याची त्यांची सवय आहे; म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ शकत नाही.

पहिले काम, काहीही न बदलता पाहणे. आम्ही चेसिसच्या खालच्या बाजूची छायाचित्रे काढली, प्रत्येक भागाची किंमत व जागा वहीत लिहिली. कोणता डाख मूळ कारखान्याचा आणि कोणता नंतरच्या मिस्त्रीचा, हेही ओळखता येते. १९७० च्या दशकात कोणीतरी एक कंडेन्सर बदलला होता; तो इतर भागांपेक्षा वेगळ्या रंगाचा होता. दस्तऐवजावर नंतरच्या हाताने लिहिलेली टीपच म्हणायची. मुख्य दोरी, म्हणजे वायर, रबराची होती. रबर बिस्किटासारखे तुटत होते. ती प्रथम बदलली.

दुसरे काम, मीटरने ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांची तपासणी. मेनचा वेढा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कर्णा, साऱ्यांचा मार्ग अखंड निघाला. येथे हायसे वाटले, कारण हेच भाग आज मिळणे सर्वांत कठीण आहे.

तिसरे काम, कंडेन्सर बदलणे. सर्व कागदी कंडेन्सर काढून त्याच किमतीचे, ६३० व्होल्टांचे, पॉलिस्टरचे नवे बसवले. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर सहसा बिघडत नाहीत. ते तसेच ठेवले. मोठा ॲल्युमिनियमचा डबा जागेवर शोभेला राहू दिला, त्याच्या तारा सोडवल्या आणि चेसिसखाली ४५० व्होल्टांचे नवे दोन कंडेन्सर बसवले. “मोठा बसवला तर घरघर आणखी कमी होईल ना?” असे मी विचारले. चाचा नाही म्हणाले. ईझेड ८० ला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. तो भरताना एकदम ओढ बसून नळीच जाते. अधिक म्हणजे नेहमी चांगले नव्हे.

चौथे काम, रेझिस्टन्स मोजणे. कार्बनचे जुने रेझिस्टन्स काळाबरोबर बहुधा वाढतात. २ लाख २० हजारांचा एक रेझिस्टन्स ३ लाखांवर गेला होता. असे जे वीस टक्क्यांहून अधिक सरकले होते तेवढेच बदलले. पट्टी बदलण्याच्या बटणाचे काळवंडलेले संपर्क साफ केले. काच मात्र ओल्या फडक्याने पुसली नाही, कारण आतील बाजूची अक्षरे पाण्यासरशी निघून जातात. आणि आयएफटीच्या डब्यांवरील स्क्रू अजिबात फिरवले नाहीत. नवशिके तेथे प्रथम स्क्रूड्रायव्हर लावतात आणि ४५५ चे गणित कायमचे विस्कटून ठेवतात.

पाचवे काम, वीज देणे. येथे चाचांनी भिंतीवरचा सिरीज बोर्ड काढला. तारेचा ६० वॅटचा साधा बल्ब आणि रेडिओ एकापुढे एक जोडले. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सारा भार स्वतःवर घेतो, रेडिओ वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि मग मंद झाला. “झोपलेल्या माणसाला हलवून उठवू नये, हाक मारून उठवावे,” असे चाचा त्या बल्बकडे पाहत म्हणाले. माझ्या आजोबांच्या रेडिओपुढे असा एक बल्ब लावला असता तर तो आज घरात वाजत असता.

बल्ब काढून पूर्ण दाब दिल्यावर आम्ही आकडे घेतले. ईएल ८४ च्या जाळीवर शून्य. तिच्या कॅथोडच्या १३५ ओहमच्या रेझिस्टन्सवर ७ व्होल्ट. सातला १३५ ने भागले की सुमारे ५२ मिलिअँपिअर येतात. नळीला जेवढा प्रवाह हवा तेवढाच. मग मी सुई सरकवली. प्रथम खरखर, मग लांबून आल्यासारखा एक मानवी आवाज, आणि मग स्पष्ट बातम्या. मामू खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. काही बोलले नाहीत. आवाजाचे बटण त्यांनी स्वतः थोडे कमी केले. पूर्वी घरात हे बटण फक्त त्यांचे वडील फिरवीत, असे नंतर मुमानींनी सांगितले.

उरलेली गोष्ट

खरे सांगायचे तर आज त्या रेडिओवर ऐकण्यासारखे पूर्वीइतके उरलेले नाही. गेल्या काही वर्षांत मध्यम आणि लघु लहरींची अनेक प्रक्षेपणे बंद झाली आहेत. घरातील एलईडी दिव्यांची आणि मोबाइलच्या चार्जरची खरखर जुन्या रेडिओला त्रास देते. रात्री, आसपासचे दिवे मालवल्यावर, दूरचे एखादे केंद्र अजून सापडते. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पालक विचारतील.

माझे उत्तर असे की या दुरुस्तीने मला दोन गोष्टी दिल्या. पहिली इतिहासाची. काचेवरच्या २५ आणि ४१ मीटरच्या खुणा, परवान्याचे पुस्तक, नळीवरचे पहिले अक्षर, नंतरच्या मिस्त्रीचा वेगळा डाख, ही सारी साधने आहेत. ती पुस्तकात नसून माळ्यावर आहेत. दुसरी गोष्ट शिक्षकाच्या कामाची. बंद पडलेल्या यंत्रात जो भाग डोळ्यांना सर्वांत आधी दिसतो, त्यालाच आपण दोषी ठरवतो. दोष बहुधा शेजारी, कोपऱ्यात, ओल लागलेल्या जागी असतो. मागे पडलेला विद्यार्थी समोर उभा राहिला की हल्ली मला चाचांचा मीटर आठवतो. आधी मोजावे, मग बोलावे.

माझ्या आजोबांचा रेडिओ अजून चाचांच्या फळीवर आहे. योग्य ट्रान्सफॉर्मर मिळाला तर तोही उठेल. परंतु चाचांचे वय झाले आहे आणि त्यांच्या दुकानात शिकायला कोणी बसत नाही. त्यांना जे माहीत आहे त्यातील फार थोडे कोठे लिहिलेले आहे. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत घरचा माळा एकदा पाहा. रेडिओ सापडला तर पिन लावू नका. त्याचे छायाचित्र काढा, नळ्यांवरची अक्षरे वहीत उतरवा, तो कोणी, कोठून, किती रुपयांना आणला ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. आणि गावात असे एखादे चाचा असतील तर त्यांच्याकडे जाऊन थोडा वेळ बसा. रेडिओ थांबेल, माणसे थांबत नाहीत.